घाटाखालची गाणारी घरे

आजऱ्याहून सुटलेली सावंतवाडीची एस.टी. गवसे, आंबोली करत घाट उतरते आणि पुढे गोव्याची वाट धरते. आपल्या तालुक्यातली किती तरी पोरे या वाटेने गोव्याला कामाला गेली. कुणी हॉटेलात, कुणी बांधकामावर, कुणी ट्रकवर. सुट्टीत येताना काजू आणि सुकी मासळी आणतात. दर्या पाहिल्याच्या गप्पाही आणतात. पण याच कोकणपट्टीतून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आणखी एक गोष्ट घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे आली, ती म्हणजे गाणे. ते कुणी आणले आणि त्यांची घरे कोणती, हे आपल्या कुटुंबांत फारसे बोलले जात नाही. म्हणून आज त्याविषयी.

"गोव्याच्या मातीतच सूर आहे," असे वाक्य संगीतावरच्या लेखांत आणि भाषणांत हमखास येते. ऐकायला गोड आहे. पण मातीत सूर असता तर गोव्यातल्या सगळ्याच घरांत गवई जन्मले असते. तसे झालेले नाही. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर, मास्टर दीनानाथ, खाप्रूमामा पर्वतकर ही सगळी नावे एका लहानशा समाजातून आली. कलावंत, भाविणी, देवळी अशा नावांनी तो ओळखला जाई. 'माती' म्हटले की जात झाकली जाते, आणि ज्यांनी त्या समाजाला देवळाच्या दारात बांधून ठेवले त्यांचेही नाव घ्यावे लागत नाही.

व्यवस्था अशी होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, साष्टी भागातली देवळे पाडायला सुरुवात केल्यावर तिथले देव फोंडा भागात हलवले गेले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, बांदिवडे अशी मोठी देवळे तिथे उभी राहिली. देवांबरोबर देवळाच्या चाकरीची माणसेही आली. कलावंतिणीने देवापुढे आणि पालखीपुढे गायचे-नाचायचे. भाविणीने दिवाबत्ती, झाडलोट करायची. देवळी पुरुषांनी वाजवायचे. मुलगी वयात येण्याच्या सुमारास तिचा 'शेंस' नावाचा विधी होई. हे लग्नाचे नाटक असे, आणि नवरा म्हणून पुरुषी वेश घातलेली दुसरी मुलगी उभी केली जाई. त्यानंतर तिला खरे लग्न करता येत नसे. गावचा कुणी धनिक, जमीनदार, कधी पुजारी तिचा 'यजमान' होई. मुले आईच्या नावाने वाढत. बाप कोण ते गावाला ठाऊक असे, पण बापाचे नाव लावायची सोय नव्हती. देवळाकडून थोडीफार जमीन किंवा धान्य मिळे, ते चाकरी चालू असेपर्यंतच. चाकरी सोडायची म्हटले तर डोक्यावरचे छप्परही जायचे.

वाचकांपैकी ज्यांच्या आजा-पणज्यांनी गावकीची कामे केली, त्यांना हा हिशेब वेगळा सांगायला नको. वतन म्हणायचे आणि बेगार घ्यायची, ही रीत घाटावर होती तशी घाटाखालीही होती.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. वयाच्या आठव्या वर्षी घरचे तिला घेऊन कोल्हापूरला आले. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तिची तालीम झाली, ती अवघी आठ महिने. पुन्हा गोवा, मग रामकृष्णबुवा वझे, सोळाव्या वर्षी मुंबई, तिथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. एक गुरू गेला की दुसरा शोधायचा, तो परगावी निघून गेला की पुन्हा वणवण. शेवटी १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे रीतसर शिक्षण सुरू झाले. हे खाँसाहेब म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे दरबार गवई. राजस्थानातून आलेल्या या मुसलमान गवयाला महाराजांनी कोल्हापुरात आश्रय दिला, आणि ज्याला पुढे जयपूर-अत्रौली घराणे म्हणू लागले ते गाणे आपल्या जिल्ह्यात रुजले. केसरबाईंनी अकरा वर्षे मान खाली घालून शिक्षण घेतले, आणि १९४६ साली गुरू वारले तोपर्यंत त्यांचे शिष्यत्व सोडले नाही.

त्यांच्या तापटपणाच्या गोष्टी संगीताच्या जगात चवीने सांगतात. बिदागी भरपूर मागत. मैफलीत कुणी बोलले तर खपवून घेत नसत. रेडिओवर गाणे त्यांनी बंद केले, ध्वनिमुद्रिकाही थोड्याच दिल्या. "फार घमेंड होती बाईला," असे म्हणणाऱ्यांना मला एवढेच विचारावेसे वाटते, की ज्या घरातल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या हुकूम झाला की गावे लागे, त्या घरातल्या बाईने "मी म्हणेन तेव्हा, मी म्हणेन त्या रकमेला" असे म्हटले तर ती घमेंड की हिशेब? मी कारकून माणूस, बी.कॉम. झालेला. मला तो हिशेब वाटतो, आणि बरोबर केलेला वाटतो. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. महाराष्ट्र सरकारनेही त्यांना राज्यगायिका म्हणून गौरवले.

आणि एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगा. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीबाहेर कुणी असलेच तर त्याला माणसाची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली आहे. जगभरचे निवडक संगीत तिच्यावर आहे. त्यात भारताचे एकच गाणे आहे, केसरबाईंनी गायलेली भैरवी, साडेतीन मिनिटांची. दुसरे यान ५ सप्टेंबरला सुटले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ज्या समाजातल्या बाईने पालखीपुढे चालायचे, गाभाऱ्यात जायचे नाही, त्या समाजातल्या बाईचा आवाज सूर्यमालेच्या टोकापलीकडे पोचला आहे.

मोगूबाईंची कहाणी याहून खडतर. १९०४ चा जन्म, गाव सांगे तालुक्यातले कुर्डी. पोरीने गायिका व्हावे म्हणून आई तिला घेऊन नाटक कंपनीत गेली. चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी हे त्या कंपनीचे नाव. मोगू दहा वर्षांची असताना, १९१४ साली, आई वारली. पोरकी मुलगी, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळी, नाटकातली कामे, आजारपण. १९१९ च्या सुमारास ती सांगलीला राहात होती. अल्लादिया खाँसाहेबही औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. जाता-येता त्यांच्या कानी या मुलीचा रियाज पडला आणि ते आपण होऊन शिकवू लागले. दीडएक वर्ष शिकवले. मग खाँसाहेब मुंबईला गेले, मागोमाग मोगूबाईही गेल्या.

इथे एक कटू गोष्ट आहे, ती झाकू नये. केसरबाईंना शिकवताना दुसऱ्या कुणाला शिकवायचे नाही अशी अट खाँसाहेबांवर होती, असे त्या काळच्या आठवणींत येते. त्यामुळे मोगूबाईंचे शिक्षण तुटले. त्यांना कधी या उस्तादाकडे, कधी त्या उस्तादाकडे जावे लागले. खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांनी शिकवले, पण तेही १९३१ साली मुंबई सोडून गेले. अखेर १९३४ साली खाँसाहेबांचाच गंडा पुन्हा बांधला गेला. एकाच समाजातल्या, एकाच दुःखातून आलेल्या दोन बाया, आणि एकीने दुसरीची वाट अडवली. असे का होते? शिडी एकच असते आणि तिच्यावर एकाच माणसापुरती जागा ठेवलेली असते, म्हणून होते. शिडी ज्यांच्या मालकीची ते खाली उभे राहून गंमत पाहतात. आपल्या वस्त्यांत एका जागेसाठी दोन गट पडतात तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर. लहानपणी ती आईच्या मागे तंबोऱ्यावर बसायची. मोठेपणी, स्वतःचे नाव झाल्यावर, आईला मैफलींच्या ठिकाणी किती हलकी वागणूक मिळे, उतरण्याची सोय कशी असे, पैसे किती कमी हातावर ठेवीत, हे तिने मुलाखतींतून बोलून दाखवले. त्या आठवणींमुळेच किशोरीताईंनी आयोजकांकडून मान कडकपणे वसूल केला. लोक त्यांनाही तापट म्हणाले. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळाले, २००१ साली त्या वारल्या. किशोरीताईंना २००२ साली पद्मविभूषण मिळाले, २०१७ साली त्याही गेल्या.

दीनानाथांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते नाव घरोघरी आहे. १९०० साली मंगेशीला जन्म. आई येसूबाई मंगेशीच्या देवळाच्या चाकरीतल्या समाजातली, वडील त्याच देवळातले पुजारी. मुलाने वडिलांचे आडनाव लावले नाही, गावाचे लावले आणि मंगेशकर झाला. १९४२ साली दीनानाथ गेले तेव्हा थोरली मुलगी लता बारा वर्षांची होती. घर चालवण्यासाठी ती मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये कामाला लागली. ही कंपनी त्या वेळी कोल्हापुरात होती. म्हणजे त्या घराच्याही अडचणीच्या काळातला मुक्काम आपल्या जिल्ह्यातला.

बायकांची नावे झाली, पण वाजवणाऱ्या पुरुषांची त्या मानाने झाली नाहीत. खाप्रूमामा पर्वतकर हा अपवाद. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायाने तिसरा, तोंडाने चौथाच मोजायचा, अशी त्यांची लयीवरची हुकमत. जाणकारांनी त्यांना 'लयभास्कर' म्हटले. गोव्याचे घुमट हे वाद्य मातीच्या मडक्याला घोरपडीचे कातडे लावून करीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली. आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. वाद्याला मान मिळाला, चांगले झाले. ते पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्यांची यादी मात्र कुणी केलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या समाजातल्या शिकलेल्या तरुणांनी ठरवले की हे थांबवायचे. राजाराम पैंगीणकर हे त्यातले एक प्रमुख. स्वतःच्या जन्माची कथा त्यांनी 'मी कोण?' या आत्मचरित्रात कसलाही आडपडदा न ठेवता लिहिली आहे. 'गोमंतक मराठा समाज' ही संघटना उभी राहिली. शेंस बंद करायचा, मुलींची लग्ने लावायची, मुलामुलींना शाळेत घालायचे, देवळाची चाकरी सोडायची, हा कार्यक्रम. देवळांच्या महाजनांनी विरोध केला, तरी समाज हटला नाही. याच समाजातले दयानंद बांदोडकर १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि १९७३ साली त्यांच्यामागे त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाली. दोन पिढ्यांत देवळाच्या पायरीवरून सचिवालयात! 'मराठा' हे नाव घेऊन जात पुसता येते का, यावर माझे मत वेगळे आहे. पण पोरीबाळींना त्या नरकातून बाहेर काढले, त्या कामापुढे नावाचा वाद मी घालणार नाही.

मात्र या सुधारणेत एक गोष्ट घडली. चाकरीबरोबर बऱ्याच घरांतून गाणेही गेले. तंबोरा भिंतीला टांगला गेला, मग माळ्यावर गेला. कारण गाणे म्हटले की लोकांना जुने दिवस आठवत. केसरबाईंनी स्वतःच्या मुलीला गाणे शिकवले नाही, तिला डॉक्टर केले. मोगूबाईंनी मुलीला गाणेच दिले आणि किशोरी घडवली. दोन आया, एकच भूतकाळ आणि दोन उलट निर्णय. यात चूक कुणाची? मला विचाराल तर कुणाचीच नाही. केसरबाईंना ठाऊक होते की या जगात बाईच्या गळ्याची किंमत कशी लावतात. मोगूबाईंना ठाऊक होते की हा गळा आपला आहे, देवळाचा नाही. पुढे केसरबाईंची विद्या मिळाली ती कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना. जे घर पूर्वी मुलीला गाणे शिकवायला लाजले असते तशा घरातली मुलगी १९६२ पासून केसरबाईंपुढे शिकायला बसली. इकडची घरे गाणे टाकून देत होती, तिकडची उचलून घेत होती. आज शास्त्रीय संगीताच्या मैफलीत कोण बसलेले दिसते, ते बघा.

हा प्रश्न फक्त गोव्याचा नाही. आपल्या आजरा-गडहिंग्लज पट्ट्यात यल्लम्माला पोरी सोडण्याची चाल होती, आणि त्या पोरी बहुतेक आपल्याच घरातल्या, दलित वस्त्यांतल्या. शाहू महाराजांनी १९२० साली जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. बाबासाहेबांनी १९३६ च्या जून महिन्यात मुंबईत वाघ्या, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्या सभेत त्या भगिनींना स्पष्ट शब्दांत हे जिणे सोडून द्यायला सांगितले. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासी परिषद झाली आणि इथली चळवळ उभी राहिली. महाराष्ट्राचा नवा निर्मूलन कायदा २००५ सालचा. म्हणजे शाहू महाराजांच्या कायद्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनीही कायदा करावा लागत होता.

त्या जोगतिणींजवळही गाणे होते. चौंडक्याच्या तालावर रात्र-रात्र चालणारे, पाठांतर अफाट. पण त्यांना कुणी अल्लादिया खाँ भेटला नाही. मुंबईचा शेठ भेटला नाही. कलावंतिणीजवळ थोडी जमीन होती, श्रोता धनिक होता, म्हणून तिच्या गाण्याचे घराणे झाले. जोगतिणीजवळ परडी होती, म्हणून तिचे गाणे भीक ठरले. गुणांत फरक होता असे मला कुणी सांगू नये.

आमच्या वस्तीतल्या एका ताईंनी मध्यंतरी मला विचारले, "भाऊ, पोरगी छान गाते. बाई म्हणतात, क्लासला घाला. पण तिची आजी म्हणते, गाणे-बजावणे सोडायला लावले म्हणून तर आपण माणसांत आलो, आता पुन्हा त्याच वाटेला कशाला?" आजीचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तिने हलगीमागे धावणारी माणसे आणि पाटलाच्या दारात नाचवल्या गेलेल्या पोरी पाहिलेल्या आहेत. तिची भीती अनुभवातली आहे. पण मी ताईंना म्हटले, आजींना विचारा, विहारात वामनदादा कर्डकांची गाणी लागतात तेव्हा त्या टाळी धरतात की नाही? ते गाणेच ना? बाबासाहेबांनाही व्हायोलिनचा नाद होता. त्यांनी सांगितले ते लाचारी सोडायला. पोरगी फी भरून, वहीत लिहून, परीक्षा देऊन शिकते आणि नको वाटले त्या दिवशी सोडू शकते. देवळातल्या मुलीला सोडता येत नव्हते. ताईंनी आजींना काय सांगितले ते मला माहीत नाही, पण पोरगी क्लासला जाते. शाळेचा अभ्यास मात्र बुडू देऊ नका, हेही मी बजावले आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत कुणी नातलगांकडे गोव्याला जाणार असेल तर दोन ठिकाणे सांगतो. केरीला केसरबाईंच्या जन्मस्थानी आता त्यांच्या नावाचे हायस्कूल आहे, मुले-मुली दप्तर घेऊन तिथे जातात. आणि मोगूबाईंचे कुर्डी साळावली धरणात गेले. १९८६ च्या सुमारास गाव उठले, लोक दुसरीकडे वसवले गेले. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की जोती, वाटा, देवळाचे अवशेष उघडे पडतात. तेव्हा जुने गावकरी महिनाभर तिथे येत-जात असतात. पावसाआधी गेलात तर दिसेल, जूनमध्ये पाणी पुन्हा चढते.